पोराला दाखवलंत, आता स्वतःलाही दाखवा

कागलकडच्या एका ताईंसोबत मी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, गेले होते. त्यांच्या मांडीवर कापडदुकानाची जाड पिशवी होती आणि पिशवीत मुलाची फाइल. कागद तारखेनुसार लावलेले, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी मुलाचं सगळं नीट ऐकलं, एक गोळी कमी केली आणि पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

ताई म्हणाल्या, "आता बरा आहे. रात्री उठत नाही फारसा."

"त्याचं नाही, तुमचं विचारतेय."

ताईंचा हात सवयीनं पिशवीत गेला. तिथं त्यांचा स्वतःचा एकही कागद नव्हता.

एखाद्या घरात तीन वर्षांच्या लेकराला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं कळतं. दुसरीकडे नववीतली पोर जेवण टाकते, कॉलेजातला मुलगा आतून कडी लावून बसतो, नवरा पिऊन येतो, किंवा दोघांचं फाटतं आणि पोरं मध्ये सापडतात. दुखणं वेगवेगळं असलं, तरी आईबापांची अवस्था बरीचशी सारखीच असते. झोप उडते. लग्नकार्यात जाणं बंद होतं. रात्री दिवा मालवल्यावर दोघांत तोच प्रश्न उभा राहतो: हे तुझ्या लाडानं झालं की माझ्या मारानं?

मीही याच रांगेतली आई आहे. माझा मुलगा एकोणिसाव्या वर्षी आजारी पडला. आज तो औषधं घेतो आणि कामावर जातो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, कारण ती गोष्ट त्याची आहे. माझी गोष्ट अशी की पहिल्या साडेतीन वर्षांत मी त्याच्यासाठी अकरा ठिकाणी गेले आणि माझ्यासाठी एकाही ठिकाणी गेले नाही. त्याची किंमत त्यालाही मोजावी लागली, हे मला फार उशिरा कळलं.

आईबापांना सांभाळणं हा उपचाराचाच भाग

हे मी मायेपोटी म्हणत नाही, यामागं अभ्यास आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट दिसू लागली. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मनाच्या आजाराचे, रुग्ण दवाखान्यातून घरी गेल्यावर काही जण स्थिर राहत आणि काहींचा आजार पुन्हा उसळे. फरक फक्त आजाराच्या तीव्रतेचा नव्हता. घरात सतत टोकणं असेल, राग धरलेला असेल, किंवा उलट टोकाला जाऊन माणसाला श्वासही घेऊ न देणारी काळजी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. पुढं चंदीगडमध्येही असाच अभ्यास झाला. तिथल्या कुटुंबांत लंडनपेक्षा टोकणं कमी आढळलं.

यातून 'घरच्यांमुळे आजार होतो' असा अर्थ काढू नका. तो साफ चुकीचा आहे. अर्थ एवढाच की थकलेला, घाबरलेला माणूस टोकतो. तीन रात्री न झोपलेली आई शांत कशी राहील? तिला झोप, माहिती आणि बोलायला माणूस मिळाला की घरातला आवाज खाली येतो आणि त्याचा फायदा थेट रुग्णाला होतो.

आपल्या देशात हे एका डॉक्टरांनी आधीच करून दाखवलं होतं. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांसोबत तिथंच राहायला बोलावलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, भीती गेली, आणि माणसं लवकर घरी परतू लागली. नातेवाइकांना गेटबाहेर ठेवायचा तो काळ होता. त्या काळात हे सुचलं याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

नेमकं कुणाकडे जायचं?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. 'मनाचा डॉक्टर' म्हणून आपण सगळ्यांना एकाच पाटीखाली बसवतो.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकॅट्रिस्ट, हे एमबीबीएस होऊन पुढं मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. या सगळ्या मंडळींत औषध तेच देऊ शकतात. झोप पूर्ण गेली आहे, भास होतात, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात, दारू सोडताना हात थरथरतात, अशा वेळी पहिलं दार हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लहान मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक अशी वेगळी माणसं लागतात.

राहता राहिला समुपदेशक, म्हणजे काउन्सिलर. ही पाटी लावायला आपल्याकडे एकच एक बंधनकारक पदवी नाही. एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं तळमळीनं काम करणारी माणसं या पाटीखाली भेटतात आणि चार दिवसांचा कोर्स केलेलीही भेटतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: शिक्षण काय, किती वर्षं काम करता, आमच्यासारखी कुटुंबं पाहिली आहेत का, फी किती, आणि तुमच्या आवाक्याबाहेरचं काही निघालं तर कुणाकडे पाठवता? चांगला माणूस याची उत्तरं आनंदानं देतो.

मला याचा फटका बसला आहे. एका काउन्सिलरबाईंनी पहिल्या वीस मिनिटांत सांगून टाकलं, "आई नोकरी करत होती ना, त्यामुळं हे झालं." मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाही. घरी परतायचं धैर्यच होईना. आज मला माहीत आहे की स्किझोफ्रेनिया आईच्या नोकरीनं होत नाही. पण त्या दिवशी ते सांगणारं कुणी नव्हतं. जो पहिल्या भेटीत दोष वाटून मोकळा होतो, शंभर टक्के बरं करायची हमी देतो, किंवा 'डॉक्टरांच्या गोळ्या आजपासून बंद' म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे महागडे उपचार सुचवणारेही भेटतील. या उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यापायी शेत गहाण टाकू नका.

देवाधर्माबद्दल लोक बिचकत विचारतात. अंबाबाईची ओटी जरूर भरा, जोतिबाला जाऊन या. त्यानं मनाला उभारी येत असेल तर ती हवीच आहे. फक्त ओपीडीची तारीख चुकवू नका, आणि अंगारा-धुपाऱ्याच्या नावाखाली कुणी पोराला मारहाण किंवा उपाशी ठेवायला सांगत असेल तर तिथून पोराला घेऊन निघा.

थेरपीत खोलीत काय होतं?

'नुसतं बोलून काय होणार?' हा प्रश्न मीही विचारला होता. म्हणून एक उदाहरण जवळून सांगते.

आमच्या ओळखीत एक आई आहे. तिचा सहा वर्षांचा मुलगा बोलत नाही. रोज संध्याकाळी तो भिंतीवर डोकं आपटायचा. सासूबाई म्हणायच्या, दिवेलागणीला बाहेरचं काही लागतं. थेरपिस्टनं तिला एक साधी वही करायला सांगितली आणि तीन रकाने आखून दिले: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. उपदेश काही केला नाही, फक्त आठ दिवस लिहून आणायला सांगितलं. नवव्या दिवशी दोघी वही घेऊन बसल्या. पहिल्या रकान्यात सात वेळा एकच शब्द होता: मिक्सर. संध्याकाळच्या रश्श्याचं वाटण करायला मिक्सर लागला की त्या आवाजानं पोराचा मेंदू भाजून निघत होता, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. ती आता सकाळी, तो शाळेत गेल्यावर वाटण करून ठेवते. सगळं मिटलं असं नाही, पण भिंतीवरचं आपटणं पुष्कळ कमी झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोराला 'लागीर' नाही, त्रास होतो आहे, हे सासूबाईंनाही दिसलं.

याला पालक-प्रशिक्षण म्हणतात. मुलावरचे उपचार आईबापांच्या हातून घरीच व्हावेत म्हणून त्यांना ही हत्यारं दिली जातात. वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत वेगळं काम असतं. तिथं भांडण कुठल्या वाक्यानं पेटतं ते शोधायचं, नियम दोनच पण दोघांनी मिळून ठरवलेले ठेवायचे, आणि आईनं 'नाही' म्हटलेलं बाबांनी परस्पर 'हो' करायचं नाही. कुटुंबाची एकत्र थेरपी असते, तेव्हा सगळ्यांना समोरासमोर बसवून प्रत्येकाला न तोडता बोलू देतात. आमच्या घरात वीस वर्षांत कुणी कुणाला सलग पाच मिनिटं बोलू दिलं नव्हतं. माझे यजमान त्या खोलीत पहिल्यांदा म्हणाले, "मला भीती वाटते." मला वाटत होतं त्यांना राग येतो.

आणि काही वेळा थेरपी फक्त तुमची असते, मुलाविषयी नाहीच. अपराधीपणा, चिडचिड, काही केल्या न थांबणारे विचार, यांवर एकट्यानं बसून काम करायचं.

पहिल्या भेटीत बहुतेक माहितीच घेतली जाते, म्हणून 'काहीच झालं नाही' असं वाटून येणं सोडू नका. जाताना अर्ध्या कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, आता सगळ्यात जास्त काय सतावतं, आधी काय काय करून पाहिलं, कुठली औषधं चालू आहेत. समोर बसल्यावर रडू येतं आणि सांगायचं राहून जातं. साधारण चार-पाच भेटींत दिशा दिसायला हवी. नाही दिसली तर तसं बोलून दाखवा, तरीही नाही जमलं तर माणूस बदला. चप्पल चावत असेल तर आपण दुसरी घेतोच ना.

आधारगट म्हणजे भिशीच

थेरपिस्टला शिक्षणातून कळतं. आधारगटातल्या, म्हणजे सारखंच दुखणं असलेली माणसं ठरलेल्या दिवशी एकत्र बसून बोलतात तिथल्या, माणसाला भोगून कळलेलं असतं. दोन्ही लागतात आणि एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही.

ज्यांना आधारगट कळत नाही त्यांना मी भिशीचं सांगते. भिशीत प्रत्येक जण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतो आणि प्रत्येकाची उचलायची पाळी येते. ज्या महिन्यात तुमची उचल, त्या महिन्यात तुम्हाला संकोच वाटत नाही, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही टाकणारच आहात. गटात असंच असतं. आज तुमचं फाटलंय तर आज तुम्ही बोला, बाकीचे ऐकतील. चार महिन्यांनी तुम्ही सावरलेले असाल, तेव्हा नव्यानं आलेल्या बाईचं तुम्ही ऐकाल. उपकार कुणाचे कुणावरच नाहीत. आणि जसा भिशीचा हिशेब चोख लागतो, तसे गटाचे नियमही चोख लागतात. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दुसऱ्याचं औषध आपल्या मुलाला द्यायचं नाही. 'माझ्यापेक्षा तुझं बरं आहे' असं म्हणायचं नाही.

या वाटेची सुरुवात व्यसनातून झाली. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झालं. पिणाऱ्यांच्या बैठका चालत तेव्हा त्यांच्या बायका बाहेर थांबत आणि आपसांत बोलू लागत. त्यातून १९५१ मध्ये कुटुंबीयांचा वेगळा गट उभा राहिला, अल-अॅनॉन. तिथं नवख्या माणसाला तीन गोष्टी सांगतात: हे मी घडवलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, आणि मी ते बरं करू शकत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे निराशेचं वाटतं. पण नवऱ्याच्या बाटल्या लपवण्यात, त्याच्या साहेबांना खोटे फोन करण्यात पंधरा वर्षं घालवलेल्या बाईच्या खांद्यावरचं ओझं या तीन वाक्यांनी उतरताना मी पाहिलं आहे.

महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आणि पत्नींसाठी त्यांचा 'सहचरी' हा गट आहे. स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांसाठी पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्वमदत गट चालवते. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था मनाच्या आरोग्यावर मराठीत भरपूर बोलते, आणि त्यांचे व्हिडिओ कुठूनही पाहता येतात. या मंडळींनी रूढ केलेले दोन शब्द मला फार आवडतात: आजाराशी झुंजणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. 'पेशंटची आई' यापेक्षा 'शुभंकर' म्हणवून घेताना पाठ ताठ होते. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचाल बिघडणं) असलेल्या मुलांच्या पालक-संघटनांचा 'परिवार' हा देशपातळीवरचा महासंघ १९९५ पासून आहे.

बाप मात्र कमी येतात. तालमीत, मंडळात, चहाच्या गाड्यावर आमच्याकडचे पुरुष तासन्‌तास बोलतील, पण पोराचा विषय निघाला की "चाललंय" एवढंच. आमच्या गटात इचलकरंजीचे एक गृहस्थ यायचे. यंत्रमागावरून सुटून थेट यायचे, त्यामुळं कॉलरला कापसाचा बारीक फुलोरा चिकटलेला असायचा. पहिल्या दोन बैठकांत ते एक शब्द बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले. तिसऱ्या खेपेला मधेच म्हणाले, "तुमाला कुणाला झोप लागती काय हो? का माझंच असं?" खोलीतल्या नऊ जणांपैकी सात जणांनी मान हलवली. त्या दिवशी दुसरं फारसं काही झालं नाही, व्हायची गरजही नव्हती.

कुणी ओळखीचं भेटलं तर?

कोल्हापूरचं खरं कुलूप हे आहे. पैसा, अंतर, वेळ या अडचणी आहेतच, पण शिवाजी पेठेतल्या माणसाला मंगळवार पेठेतला मामेभाऊ ओपीडीच्या रांगेत भेटेल ही भीती त्या सगळ्यांहून मोठी. मुलीचं लग्न ठरायचं आहे, दुकानाचं नाव आहे, भावकीत बोलणं होईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण माणसं बोलतात.

पण काही गोष्टी माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. याला मोजके अपवाद आहेत, मुख्यतः कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे. याच कायद्यानं सरकारी खर्चाच्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं बंधन घातलं. मुलानं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला तर 'पोलीस केस होईल' म्हणून कितीतरी आईबाप दवाखाना टाळतात. कायदा आता अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो, त्याला शिक्षा करत नाही, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. आधी दवाखाना गाठा.

आणि रांगेत मामेभाऊ भेटलाच, तर तोही रांगेतच उभा आहे ना? मला एकदा आमच्याच गल्लीतल्या काकू भेटल्या. दोघींनी खाली बघितलं. पुढच्या महिन्यात आम्ही एकाच रिक्षानं गेलो.

ज्यांना अजून हे झेपत नाही त्यांनी फोनपासून सुरुवात करावी. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवा, चोवीस तास आणि फुकट आहे. भाषा निवडताना मराठी निवडा. चंदगडहून कोल्हापूर गाठायला शंभर किलोमीटरच्या पुढं प्रवास होतो, गगनबावड्यात पावसाळ्यात रस्ताच धड नसतो. तिथल्या आईसाठी हे पहिलं दार फार मोलाचं. फोन मुलासाठीच करायचा असं नाही, स्वतःसाठीही करता येतो.

आपल्या जिल्ह्यातली दारं

सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथं केसपेपर काढून मानसोपचार विभागात जायचं. लवकर जा, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायला विसरू नका. योजना, दाखले, कुठल्या संस्थेत काय मिळतं, हे त्यांना ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगायला येत नाही.

मूल लहान असेल आणि बोलणं, चालणं, नजर देणं याबद्दल शंका असेल तर अंगणवाडीच्या ताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं, आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतं. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून दोन वर्षं घालवू नका. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी, म्हणजे १० ते १९ वयासाठी, सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिकं असतात.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी चेतना आणि शारीरिक अपंगत्वासाठी नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड, ही नावं कोल्हापुरात जुनी आणि ओळखीची. माझा सल्ला असा की विशेष शाळेत फक्त प्रवेशासाठी जाऊ नका. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आयांशी बोला. शहरातला सगळ्यात जुना, बिननावाचा आधारगट रोज दुपारी तिथंच भरतो. कुठला थेरपिस्ट हात धरून शिकवतो, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुठल्या दिवशी जायचं, हे तिथं दहा मिनिटांत कळतं.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना विचारून घ्या. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही बसतो. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. 'आमच्यानंतर याचं कोण?' या प्रश्नानं झोप उडालेल्या आईबापांनी हा कागद आजच सुरू करावा. कागद झाल्यावर काळजी जात नाही, पण तिला धरायला काहीतरी मिळतं.

घरात मारहाण असेल, किंवा नवरा-बायको वेगळे होताना पोरांची ओढाताण चालली असेल, तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आणि सखी वन स्टॉप सेंटर आहे. कौटुंबिक न्यायालयांना जोडून समुपदेशक असतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८.

आणि मूल, किंवा तुम्ही स्वतः, जीव द्यायची भाषा करत असाल तर ती पोकळ धमकी समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकाची बाटली, जास्तीच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा. शेतकरी घरांत ही एक गोष्ट जीव वाचवते. सरळ शब्दांत विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग १४४१६ किंवा ११२, आणि जवळचा दवाखाना.

गटच नसेल तर

तुम्हाला हवा तसा गट जवळपास नसण्याची शक्यता बरीच आहे. आमचाही नव्हता. आम्ही चौघींनी सुरू केला, औषधाच्या दुकानात आणि ओपीडीत झालेल्या ओळखींतून. चार माणसं पुरतात. जागा कुणाच्या घरी घेऊ नका, कारण घरी पाहुणचार सुरू होतो आणि सासूबाई शेजारच्या खोलीत असतात. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप चालेल. कोल्हापुरातल्या 'सायबर' या संस्थेसारख्या महाविद्यालयात समाजकार्य शिकवतात. तिथल्या शिक्षकांना सुरुवातीचे दोन-तीन महिने मार्गदर्शनाची विनंती करून बघायला हरकत नाही. महिन्यातला एकच वार धरा, समजा दुसरा रविवार, आणि दोनच माणसं आली तरी बैठक घ्या. दीड तास पुरे. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, कारण घरी कुणीतरी मूल धरून बसलेलं असतं.

व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा. तिथं रात्री बाराला कुणी मुलाचा फोटो टाकतं, कुणी काढ्याची जाहिरात, आणि चार वर्षांचा विश्वास चार मिनिटांत जातो. हे आम्ही भोगून शिकलो.

पहिल्या बैठकीला भाषण ठेवू नका. नाव, आणि 'आज मी इथं का आले' एवढं एक वाक्य. कुणाला नसेल बोलायचं तर 'पुढं' म्हणावं आणि पुढच्याकडे बघावं. रडणाऱ्याला लगेच गप्प करू नका, पाण्याचा तांब्या जवळ सरकवा. खुर्च्या गोल मांडा आणि दाराजवळची एक रिकामी ठेवा. नवा माणूस उशिरा येतो, दारातूनच परत फिरायच्या तयारीनं येतो, आणि तिथंच बसतो. आमच्याकडे ती खुर्ची आता इचलकरंजीचे तेच गृहस्थ मांडतात. वीस मिनिटं आधी येतात आणि बैठक सुरू झाली तरी अधूनमधून दाराकडे बघत असतात.